वरच्या फळीवरच्या कादंबऱ्या

घरातला ग्रंथसंग्रह हा त्या घराचा आत्मा असतो.

हे वाक्य मी पिंपरीला, कारखान्याच्या वसाहतीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, अकरा माणसांसमोर उभं राहून म्हटलं. अकरांपैकी चौघं बटाटेवड्यांसाठी आली होती. आणखी तिघांना वाक्य ऐकूच गेलं नाही, कारण ती बाहेर ओट्यावर बसली होती. आत जागा नव्हती. आत आत्मा उभा होता. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, काचेच्या दारांचा. कारखान्याचा एक परदेशी पंप ज्या खोक्यातून आला, त्याच्या फळ्यांचा तो बनला होता. तेव्हा कारखाना नवा होता, यंत्रं बोटीनं येत होती आणि त्यांच्या खोक्यांच्या लाकडावर आमची अख्खी वसाहत सजली होती. कुणाचे पाट, कुणाचा पाळणा, कुणाची मांडणी. माझं ग्रंथालय.

त्याआधी तीन वर्षं आमच्या घरात पुस्तकं होती, पण संग्रह नव्हता. ऐंशी-पंच्याऐंशी पुस्तकं असतील. रविवारी गाडीनं पुण्याला जायचं, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांपुढे उकिडवं बसायचं आणि परतताना पिशवीत भाजीच्या खाली दोन पुस्तकं आणायची, अशी ती जमली होती. बरीचशी खाटेखाली, चहाच्या दोन रिकाम्या खोक्यांत असत. काही खिडकीत. पाचसहा स्वयंपाकघरात, डाळीच्या आणि पोह्यांच्या डब्यांमध्ये. एखादं पुस्तक कुठे आहे हे मला कधीच माहीत नसे. बायकोला नेहमी माहीत असे.

"निळं का? कोपरा कुरतडलेलं? पोह्यांच्या मागे बघा."

तिथेच असायचं.

आमचं क्वार्टर शेवटच्या ओळीत होतं आणि मागचं दार नदीच्या बाजूला उघडायचं. मध्ये ज्वारीची शेतं, त्यापलीकडे पवना. दुपारी कामं आटोपली की बायको त्या दाराशी गोधडीची घडी टाकून, भिंतीला पाठ लावून बसे. पाय उंबरठ्यावर. उजेड डाव्या खांद्यावरून पानावर पडे आणि वारा थेट अंगावर येई. दाराबाहेरच्या पायरीवर शेजारच्या फिटरची बायको सूप घेऊन धान्य निवडत बसे. ती लातूरकडची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बायको तिला मोठ्यानं वाचून दाखवी. रोज पंधरा-वीस पानं, शेजारणीचं सूप रिकामं होईपर्यंत.

पहिली पाळी सुटून मी घरात शिरलो की पुढच्या खोलीत मला ते सगळं ऐकू येई. त्या दिवसांत नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईची जाड कादंबरी चालू होती.

"अन् एवढं बोलला तर ही गप का बसली?" फिटरची बायको विचारायची.

"लेखकानं बसवली."

"लेखकाला बायको हाय का?"

"असेल की."

"मग तिलाच विचारायला पाहिजे. ती बी गपच बसत असंल."

दोघी हसायच्या. मग पान उलटल्याचा आवाज. मी आल्याचं त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागे आणि चहाला त्याहून जास्त. संध्याकाळी मी पुस्तक उघडून पाही, तर चाळिसाव्या पानावर हळदीचा अंगठा. खुणेला केसातला आकडा. एकदा तर कढीपत्त्याची काडी. मी ते पुस्तक तिच्यासमोर धरून म्हटलं होतं, "हे काय आहे?"

"कढीपत्ता," ती म्हणाली. माहिती बरोबर होती.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये स्टोअरकीपर होतो. बोल्ट, पट्टे, गॅस्केट, तेलाचे पिंप अशा हजारो वस्तू फळ्यांवर मांडून ठेवायच्या, प्रत्येकीच्या खणाला नंबर द्यायचा, खणाशी एक कार्ड टांगायचं आणि त्यावर किती आलं, किती गेलं, किती उरलं ते लिहायचं. वस्तू हवी असेल तर स्लिप भरून द्यायची. स्लिपवर सही, तारीख आणि 'कशासाठी' असा एक रकाना. चावी स्टोअरकीपरच्या कंबरेला. चावी दुसऱ्याच्या हातात देणं हा आमच्याकडे गुन्हा होता. या पद्धतीचा मला मनापासून अभिमान होता. माझ्या खणांमधून कधी एक वॉशर कमी निघाला नाही.

एकदा कामानिमित्त मला एका साहेबांच्या बंगल्यावर जावं लागलं. दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं आणि त्यात सोनेरी कण्यांचे ग्रंथ एकसारख्या उंचीनं, कवायतीला उभे राहिल्यासारखे. साहेब आतून येईपर्यंत मी ते पाहत राहिलो. एक खंड काढून बघण्याचं धाडसही केलं. त्याची पानं कडेला जोडलेलीच होती, छापखान्यातून आल्यावर कुणी कापली नव्हती. वास्तविक त्या क्षणी मला सगळं कळायला हवं होतं. मला फक्त एवढंच वाटलं की, बघा, किती जपतात.

महिन्याभरात मी खोक्याचं लाकूड मिळवलं आणि दिघीहून सुतार बोलावला.

"कशासाटी म्हनायचं ह्ये कपाट?" त्यानं विचारलं.

"पुस्तकांसाठी."

"आनि कुलूप कशाला सांगितलंय?"

"पुस्तकांसाठीच."

त्यानं खाटेखालच्या खोक्यांकडे एक नजर टाकली. "सायेब, आमच्या गावात ही चावडीवर उघडी टाकली ना, तर वर्साभरानं बी तितंच घावतील. कोन शिवायचं न्हाई."

"असू दे. कुलूप लाव."

"लावतो की. माजं काय जातंय." थोडा वेळ रंधा मारून तो पुन्हा म्हणाला, "वैनींचा हात वरच्या फळीला पोचायचा न्हाई."

मी म्हटलं, वरची फळी क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठी असते. कपाट दोन दिवसांत, आमच्याच खोलीत, उभं राहिलं. आतल्या एका फळीवर बाण आणि 'धिस साइड अप' अशी छापील इंग्रजी अक्षरं होती. सुतारानं ती फळी उलटी बसवल्यामुळे बाण जमिनीकडे होता. रंग दिल्यावरही तो पुसट दिसत राहिला.

कपाट ठेवायला जागा एकच निघाली. पुढच्या खोलीत खाट होती, तिच्या वर खिडकी. चुलीजवळ धूर. राहिली ती मागच्या दाराशेजारची भिंत. तिथे कपाट अगदी नेमकं बसत होतं. फक्त दार अर्धंच उघडायचं आणि खाली बसायला जागा उरत नव्हती.

बायको अर्ध्या उघड्या दाराकडे पाहत म्हणाली, "इथे वारा यायचा."

"पुस्तकांना वारा चांगला नाही. नदीकडचा तर नाहीच. दमट असतो."

हे खरं होतं. कागद साठवण्याच्या दृष्टीनं मी म्हटलेलं प्रत्येक वाक्य तेव्हा खरं होतं. तिनं गोधडी उचलली आणि खाटेवर ठेवली. तिनं आणखी एकदा तरी हरकत घेतली असती तर बरं झालं असतं, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो आहे. पण जिची जागा जाते तिनं दोनदा सांगावं, ही अपेक्षाही स्टोअरकीपरचीच.

तिच्या बसण्यासाठी मी खुर्ची आणली. जुन्या बाजारातली, शिसवी, हातांची, सरळ पाठीची. कुण्या गोऱ्या अधिकाऱ्यासाठी बनलेली असावी. बायकोनं तीत एकदा बसून पाहिलं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. हातात पुस्तक घेऊन, पाय लोंबकळत, ती दोनएक मिनिटं बसली आणि म्हणाली, "दाढ काढायला आल्यासारखं वाटतं." मग उतरली. पुढे त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे बसत.

सगळ्या पुस्तकांना मी एकसारखी खाकी कव्हरं घातली. कण्यावर नंबर टाकले, प्रत्येकाचं कार्ड केलं. निळं, कोपरा कुरतडलेलं, ते 'क-सतरा' झालं. बायकोला एकही पुस्तक आता बाहेरून ओळखता येईना. मांडणीसाठी मी आमचा स्टोअर्सचा नियम लावला: जड माल खाली, हलका वर. त्यामुळे शब्दकोश, धर्मग्रंथ आणि खतांवरचं एक सरकारी पुस्तक (ते घरात कसं आलं हे मला आजही माहीत नाही) गुडघ्याच्या उंचीला आले आणि कादंबऱ्या सर्वांत वर गेल्या. ज्या मालाला उठाव जास्त तो हाताशी ठेवावा, असाही एक नियम होता. तो मी कारखान्यात रोज पाळत होतो.

मग तो समारंभ. साहेबांनी फीत कापली, एका फळीवरून बोट फिरवून धूळ नसल्याची खात्री करून घेतली आणि "व्यवस्थित आहे" असं म्हणून दोन वडे खाल्ले. कपाट उघडून पुस्तक कुणी मागितलं नाही. मी ते आत्म्याचं वाक्य म्हटलं. फिटरची बायको ओट्यावर होती. तिनं माझ्या बायकोला जे विचारलं ते मात्र मला आत ऐकू आलं.

"वहिनी, मग आता वाचायचं कधी?"

कारण ती कादंबरी संपलेली नव्हती. एकवीस पानं राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघताना बायकोनं ते पुस्तक मागितलं. मी तिला स्लिप दिली. हे मी थट्टेनं केलं असं मी पुढे लोकांना सांगत असे, पण ती थट्टा नव्हती. स्लिपा मी आठवडाभर आधी हातानं आखून ठेवल्या होत्या. तिचे हात कणकेत होते. ते तिनं धुतले, पुसले, ओट्याशी उभं राहून स्लिप भरली. 'कशासाठी' या रकान्यात तिनं लिहिलं: 'राहिलेली पानं.'

मी म्हटलं, "हे काही कारण झालं नाही. आणि हात अजून ओले आहेत."

ती हात पुन्हा पुसायला गेली. तेवढ्यात भोंगा झाला. भोंग्यानंतर फाटकाशी पोचणाऱ्याचा अर्धा दिवस कापत. मी धावत सुटलो आणि चावी माझ्या कंबरेला राहिली. दिवसभर कामात ते माझ्या ध्यानातही आलं नाही. संध्याकाळी मी विचारलं, "पुस्तक काढून देऊ का?"

"राहू दे," ती म्हणाली. "आता स्वयंपाकाची वेळ."

नंतर तिनं मागितलं नाही. आणि मी दिलं नाही, कारण मागणी आल्याखेरीज माल द्यायचा नसतो.

दुपारी घरी येताना मागच्या पायरीवर दोघींचं बोलणं अजून ऐकू येई. माझं मन शांत होतं. अर्ध्या दारातून का होईना, बसतात, बोलतात, म्हणजे सगळं ठीक चाललं आहे. पानं उलटण्याचा आवाज येत नाही हे माझ्या कानांनी टिपलं नाही. पुस्तकांना हळद लागणं बंद झालं, हे मात्र मी टिपलं आणि पद्धतीच्या खात्यात जमा केलं.

सहा-सात महिन्यांनी फिटरला गावाकडे साखर कारखान्यात काम मिळालं आणि त्यांनी क्वार्टर सोडलं. जायच्या आदल्या दिवशी त्याची बायको निरोपाला आली. बायकोनं तिची ओटी भरली. जाता जाता ती कपाटासमोर थांबली.

"भाऊ, याच्यात हाय नव्हं ती बाई?"

"कुठली बाई?"

"नवऱ्यानं टाकलेली. लई आवडली बघा मला. शेवटाला नवरा न्यायला येतो, अन् ही दारातच उभी राहून म्हणती, आता तुम्ही बसा वाट बघत. अन् शिलाईची मशीन डोक्यावर घेऊन सरळ चालायला लागती!" तिनं डोळे पुसले आणि हसली. "असं बोलता आलं पाहिजे माणसाला."

ती गेल्यावर मी म्हटलं, "अगं, तो शेवट तसा नाही."

मी ती कादंबरी शेवटपर्यंत वाचली होती. तीत ती बाई विष घेते, नवरा तिच्या पायांशी रडतो आणि मग लेखक तीन पानं समाजाला उद्देशून लिहितो. मला तो भाग उदात्त वाटला होता.

"नसेल," बायको म्हणाली.

"मग तिला कुणी सांगितला?"

"मी. ती रोज विचारायची, पुढे काय झालं. आठ दिवस टाळलं. किती टाळणार?" ओटीचे सांडलेले तांदूळ ती वेचत होती. "कपाटाला कुलूप होतं ना."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं की तुझा शेवट लेखकाच्या शेवटापेक्षा चांगला आहे. तो होताच. ते मला त्याच क्षणी कळलंही होतं. पण मी म्हणालो, "तरीसुद्धा, मूळ पुस्तकात वेगळं आहे." तिनं मान डोलावली आणि तांदूळ डब्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी मी चावी तिच्या हातात दिली. तिनं ती खुंटीला अडकवली. दर शनिवारी ती कपाट उघडायची, स्टुलावर चढून वरपर्यंत फडकं मारायची आणि बंद करायची. पुढे मी कुलूपच काढून टाकलं. कादंबऱ्या खालच्या फळीवर आणल्या. मुद्दाम एखादं पुस्तक खाटेवर तिच्या शिवणाशेजारी विसरल्यासारखं ठेवायला लागलो. संध्याकाळी ते आपल्या नंबरावर परत गेलेलं असे. तिच्या हातून एकही पुस्तक कधी चुकीच्या जागी गेलं नाही. माझ्याहून ती चांगली स्टोअरकीपर झाली होती.

एकदा मी सरळ विचारलं, "वाचत का नाहीस?"

"सवय गेली," ती म्हणाली. रागानं नाही. चष्म्याचा नंबर सांगावा तसं.

"आता तर कुलूप नाही."

"नाही ना," ती म्हणाली. "पण ऐकायला तरी कोण आहे?"

मी होतो. 'मी ऐकतो' हे दोन शब्द म्हणायला फार विद्वत्ता लागत नाही. पण मी ऐंशी-पंच्याऐंशी पुस्तकांचा मालक होतो आणि आपल्याला कुणी वाचून दाखवावं ही कल्पना मला माझ्या दर्जाला शोभणारी वाटली नाही. पुस्तकं घरात कशी ठेवावीत यावर मी पुढे वसाहतीच्या गणेशोत्सवात भाषणही केलं. प्रकाश, दमटपणा, वाळवी, सगळ्यावर बोललो. वाचणाऱ्या माणसाला पाय पसरायला जागा लागते आणि मध्येच 'हे ऐका' म्हणायला कुणीतरी शेजारी लागतं, हे त्या भाषणात नव्हतं. टाळ्या पडल्या.

आणखी दोन वर्षांनी मी नोकरी बदलली आणि आम्ही सांगवीला खोली घेतली. सामान हलवायच्या दिवशी कळलं की कपाट दारातून बाहेर निघत नाही. सुतारानं ते खोलीच्या आतच जोडलं होतं. आडवं करून, तिरपं करून, दाराची फळी काढून, सगळं करून झालं. शेवटी आत्मा तिथेच ठेवून आम्ही पुस्तकं तेवढी गोणपाटाच्या पोत्यांत भरली. कार्डं मागेच राहिली. पोती मागच्या दारानं बाहेर काढून पायरीशी ठेवली. ट्रक अकराला येणार होता.

मी आत भांडी बांधत होतो. बाहेर आलो तेव्हा पावणेअकरा झाले असतील. बायको एका पोत्यावर बसली होती, पाठ दुसऱ्या पोत्याला टेकलेली, चपला काढलेल्या, पाय पायरीवर. पोत्याच्या तोंडातून तिनं हाताला लागलं ते पुस्तक काढलं होतं आणि ती वाचत होती. खाकी कव्हरामुळे कुठलं ते मला लांबून कळलं नाही. नदीकडचा वारा पान उडवत होता आणि ती ते कोपरानं दाबत होती. एका जागी ती एकटीच हसली आणि तिनं मान वर करून आजूबाजूला पाहिलं. मी दारात होतो, पण तिच्या पाठीमागे. मी हललो नाही. पुढे व्हावं की न व्हावं हे मला ठरवता येईना. तिनं पुन्हा मान खाली घातली. कुठलं पुस्तक ते नंतर विचारीन म्हटलं, आणि विचारायचं राहूनच गेलं. तिला वाचताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

मला घाई नव्हती. उलट स्टोअर्सच्या सगळ्या वर्षांत मी ज्या गोष्टीला शिव्या दिल्या, तिच्यावरच त्या सकाळी माझी सगळी भिस्त होती: सांगितलेल्या वेळेला आलेला ट्रक मी एकही पाहिला नव्हता. कुणी दोन तास उशिरा येई, कुणी दुसऱ्या दिवशी.

हा अकराला आला.